पाठीमागची गाठ

या, लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी भिंतीला टेका. गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण त्या राज्यात एक डोंगर होता, डोंगरावर गड होता आणि गडाच्या पायथ्याशी एक गाव होतं, एवढं मात्र नक्की.

त्या गावात हैबती नावाचा एक जवान राहायचा. दांडपट्टा फिरवायला लागला की बघणाऱ्याला पट्टा दिसायचा नाही, नुसता वारा ऐकू यायचा. लिंबू ठेवा, नारळ ठेवा, म्हणाल ते म्हणाल तिथे चिरून दाखवणार. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणीतरी त्याला सांगायला हवी असे. कुणी नाहीच सांगितली, तर तो स्वतःच सांगायचा.

त्याच्याच घरात त्याचा मावसभाऊ वाढला होता, रखमाजी. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून मावशीने आणून त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. स्वभावाने गरीब गाय, पण अंगात कसब म्हणाल तर नावाला नाही. चालताना स्वतःच्याच पायात पाय अडकवायचा. पाण्याला पाठवला, तर अर्धी घागर वाटेत सांडून यायचा. हैबती त्याला धांदरट म्हणायचा, आणि त्याच्यावर मायाही करायचा. का नाही करणार? जो जन्मात आपल्या पुढे जाणार नाही, त्याच्यावर माया करायला आपल्या बापाचं काय जातं!

आता गडाची एक रीत सांगतो. दसऱ्याला गावोगावची पोरं गडावर चढायची आणि होळीला खाली उतरायची. मधल्या काळाला उमेदवारी म्हणत. उमेदवारी पुरी करील त्याला गडाचा शेला मिळे, तांबड्या रंगाचा, कमरेला बांधायचा. त्या शेल्याची गाठ पुढे नाही, पाठीमागे असायची. आणि ती आपली आपण मारायची नाही, आपल्या जोडीदाराने मारायची. का, ते कळेल. हैबतीनेही कधी विचारलं नव्हतं, तुम्हीही जरा धीर धरा.

दसरा आला, तसे दोघे भाऊ गडावर चढले. हैबतीला वाटलं होतं, आपल्याला बघून गडावरचे लोक उठून उभे राहतील. गडावर होता एक म्हातारा जमादार. त्याने हैबतीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात खराटा दिला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर पाण्याची कावड दिली. पट्ट्याचं नाव नाही, भाल्याचं नाव नाही. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि शिंग वाजवायचं. एक लांब फुंक मारली की बसायचं, दोन आखूड मारल्या की उठायचं. बसा, उठा, बसा, उठा. एक जण उशिरा बसला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

आणि उशिरा बसणारा कोण? आपला हैबती. रोज त्याच्यापायी सगळी रांग कुरकुरत पुन्हा उठायची. एकदा त्याचं डोकं फिरलं.

"जमादार, बसायला शिकायला मी डोंगर चढून नाही आलो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "बसायला काय शिकायचं? आमची शेळीसुद्धा न शिकता बसते."

"मग शेळीला पाठव," जमादार म्हणाला. "ती निदान वेळेवर बसेल."

सगळी रांग फिदीफिदी हसली. हसणाऱ्यांत रखमाजीही होता, आणि तेच हैबतीला जास्त लागलं. त्याने तिथल्या तिथे खराटा टाकला आणि गड उतरायला लागला. जमादाराने त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "गडाचं दार उघडं आहे बाबा. उतरायलाही आणि चढायलाही."

गावात येऊन हैबतीने सांगितलं, की मला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नाही. गावाने मान डोलावली. त्याच्या आईने मात्र त्याच्या पुढ्यात नुसतं ताट ठेवलं. ताटात भाजी-भाकरी होती, पण शब्द नव्हता. त्या रात्री हैबती अर्धपोटीच उठला.

दिवस गेले. होळी आली, आणि पोरं गड उतरली.

अख्खं गाव वेशीवर गेलं. हैबतीही गेला, मनात हसत. त्याला वाटलं होतं, रखमाजी धडपडत उतरेल आणि आपण त्याला हात देऊ. बघतो तर काय, रखमाजी रांगेतून ताठ चालत येतोय, पायात पाय नाही की चेहऱ्यावर धांदल नाही. कमरेला तो तांबडा शेला. वेशीजवळ येऊन सगळे थांबले, प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या शेल्याची गाठ एकदा चाचपून घट्ट केली आणि मगच रांग मोडली. रखमाजीची गाठ त्याचा जोडीदार भिवजी आवळत होता. आवळता आवळता त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि दोघे पोट धरून हसले.

ते हसू हैबतीच्या काळजात घुसलं. शेला एक वेळ राहू दे, पण हे असं हसायला आपल्याला कुणी नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि माणसाला अशी गोष्ट कळली की तो शहाणा होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून माणसं पाहिलेली नाहीत. हैबती शहाणा झाला नाही. तो जळला. वेशीवर होळी पेटायची होती, त्याच्या पोटात ती आधीच पेटली.

घरी आईने रखमाजीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तव्यावरची पहिली पुरणपोळी त्याच्या पानात वाढली, वर तुपाची धार धरली. आजवर पहिली पोळी हैबतीची असायची. रखमाजीने पोळीला हात लावला नाही. आधी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, दादाचं पान अजून रिकामंच आहे."

"वाढते रे, पळून चाललाय का तो!" आई म्हणाली.

रखमाजी खरं तर प्रेमाने बोलला होता. गडावर तशीच शिस्त होती, शेजाऱ्याच्या पानात पडल्याशिवाय घास मोडायचा नाही. हैबतीला मात्र वाटलं, हा आता मला भीक घालतोय. पोळी गोड होती, त्याला कडू लागली.

मग रंगपंचमीला त्याने गावाच्या पटांगणात रखमाजीला हाक मारली. "ये की रे शिपाईगडी! बघू तरी गडाने काय शिकवलं!"

लाठी हातात घेतली आणि एका झटक्यात रखमाजीला लोळवला. पुन्हा उठला, पुन्हा लोळवला. तिसऱ्यांदा तर रखमाजी चिखलातच बसला आणि हसत म्हणाला, "दादा, तुझ्यापुढे आपलं काय चालणार! हरलो बाबा."

आणि मग काय झालं? भिवजी आणि उमेदवारीतली पोरं धावत आली, रखमाजीला उचललं, त्याच्या अंगावरचा चिखल पुसला आणि चेष्टा करत त्याला घेऊन गेली. पटांगणाच्या मधोमध जिंकलेला हैबती एकटा, हातात लाठी घेऊन उभा. शाबासकी द्यायलाही कोणी थांबलं नाही. 'मी जिंकलो आणि मिरवणूक त्याची!' तो मनात म्हणाला. 'अरे, असं काय आहे त्याच्याकडे?'

त्याला एकच उत्तर सुचलं. शेला! हेव्याचं हेच तर असतं बघा. समोरच्याने काय केलं ते त्याला दिसत नाही, समोरच्याला काय मिळालं तेवढंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी तो लांबच्या गावच्या रंगाऱ्याकडे गेला.

"गडाचा रंग हाय हा," रंगारी म्हणाला. "असा कुणालाबी देत न्हाई."

"माझ्या भावासाठी पाहिजे, रखमाजीसाठी," हैबती बेधडक म्हणाला. "त्याचा शेला होळीच्या ठिणग्यांनी जळला."

गडाचे शेले तोच रंगवायचा, म्हणून रखमाजीचं ओळखीचं नाव ऐकून त्याने शेला रंगवून दिला. हैबतीने तो घरी आणला, दार लावून कमरेला गुंडाळला आणि पुढे गाठ मारून ती हळूच सरकवत मागे नेली. परातीतल्या पाण्यात वाकून पाहिलं. अगदी हुबेहूब! त्याने शेला उशाखाली दडवून ठेवला आणि संधीची वाट बघत बसला. संधीला काय, ती चांगल्याला भेटते तशी वाईटालाही भेटते.

त्या वर्षी पीक दांडगं आलं होतं. खळ्याखळ्यांवर ज्वारीच्या राशी पडल्या होत्या. डोंगरापलीकडच्या लुटारूंना त्याचा वास लागला. एका सकाळी गडावरचा नगारा वाजला आणि आरोळी उठली, "खिंडीत चला! शेलेवाले सगळे खिंडीत चला!"

खिंड अडली तर राशी वाचणार, खिंड पडली तर अख्खं खोरं वर्षभर उपाशी मरणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं. हैबतीलाही ठाऊक होतं. पण खोटं कशाला सांगू, पळत जाताना त्याच्या मनात राशी नव्हत्या. त्याच्या मनात आईचं तोंड होतं. आज सगळ्या गावाने आपलं नाव घ्यावं आणि रखमाजीचं विसरावं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

खिंडीत ही धूळ आणि ही धावपळ. म्हाताऱ्या जमादाराने तोंडं पाहिली नाहीत, नुसत्या कमरा पाहिल्या. ज्यांना शेला होता त्यांना भाले-गोफणी दिल्या आणि दोन रांगा लावल्या. पुढच्या रांगेत भालेवाले, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा जोडीदार गोफण घेऊन. रखमाजीच्या मागे भिवजी होता. हैबती पुढच्या रांगेत रखमाजीच्या शेजारी घुसला. त्याच्या मागे अर्थातच कोणी नव्हतं.

रखमाजीने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने तिथेच जमादाराला हाक मारायला हवी होती. हो, चूक त्याचीही आहे. पण चार लोकांत भावाची अब्रू जाईल, मावशीला काय वाटेल, म्हणून त्याची जीभ अडखळली.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढंच कर. लांब शिंग वाजलं की बस. काही दिसू दे, काही होऊ दे, बस."

"आता तू मला शिकवणार?" हैबती दात खाऊन म्हणाला. "पायात पाय अडकून पडणारा तू?"

तेवढ्यात खिंडीच्या तोंडाशी लुटारू आले. त्यांना दिसली ती नुसती भाल्यांची एक पातळ रांग. मागच्या गोफणी पुढच्यांच्या अंगाआड लपल्या होत्या, आणि सगळी मेख तिथेच होती. लुटारू बेफिकीर होऊन अंगावर धावत आले. मागच्या रांगेत गोफणी गरगरायला लागल्या. आणि जमादाराने शिंग फुंकलं, एक लांब फुंक.

पुढची रांग धपकन खाली बसली.

आता सांगतो गाठ मागे का. गोफणवाला शत्रूकडे बघत नाही, आपल्या जोडीदाराच्या गाठीकडे बघतो. गाठ डोळ्यांपुढून खाली गेली, की त्याच क्षणी धोंडा सोडतो. विचारत नाही, थांबत नाही. म्हणून तर ती गाठ त्याने स्वतःच्या हाताने मारलेली असते.

हैबतीने शिंग ऐकलं. बहिरा नव्हता तो. शेजारचे बसले तेही त्याने पाहिलं. पण नेमका त्याच क्षणी लुटारूंचा नायक त्याच्या समोर आला, आणि हैबतीच्या मनात आलं, 'सगळे बसलेत. आता मी एकटाच उभा आहे. आता सगळ्यांना मीच दिसणार!' तो भाला उगारून तसाच उभा राहिला.

रखमाजीने बसल्या बसल्या हात लांब केला, हैबतीच्या शेल्याला धरलं आणि खाली ओढलं. गडाची गाठ असती तर हैबती खाली आला असता. पण ती होती आपली आपण मारलेली, सरकवून मागे नेलेली गाठ. ती सुटली. सगळा शेला रखमाजीच्या हातात आला, आणि हैबती होता तिथेच उभा.

मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रखमाजी उठला. त्याने भावाला कवेत घेतलं आणि त्याच्यासकट जमिनीवर पडला. गोफणींचे धोंडे त्यांच्यावरून सूं सूं करत गेले. एक मात्र वरून गेला नाही. तो रखमाजीच्या उजव्या कोपरावर बसला. तो भिवजीने सोडलेला होता. रखमाजीची गाठ खाली गेलेली त्याने पाहिली होती, ती पुन्हा वर येईल हे त्याला कसं कळावं?

खिंड वाचली. लुटारूंचा नायक पडला, बाकीचे वाट फुटेल तिकडे पळाले. लोक नाचायला लागले. भिवजी तेवढा गोफण टाकून खाली बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

जमादार आला. त्याने रखमाजीचा लोंबता हात पाहिला, आणि मग मातीत पडलेला तो सुटा शेला उचलला.

"ही गाठ कुणी मारली होती?"

"मीच," हैबती म्हणाला. त्याला मान वर करवेना. "जमादार, मला शिक्षा द्या. काय वाटेल ती द्या."

"शिक्षा?" म्हातारा म्हणाला. "शिक्षा द्यायला तू माझा माणूस असायला पाहिजेस." आणि तो पाठ फिरवून निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या, चाबूक ओढला असता, तरी हैबतीला इतकं लागलं नसतं.

हाडवैद्याने पाला बांधला, फळ्या बांधल्या, पण कोपराचा चुरा झाला होता. रखमाजीचा उजवा हात पुन्हा वाकला नाही. आई त्याला घास भरवायची आणि हैबतीकडे बघायची नाही. अन् इतकं होऊनही, खरं सांगतो, आईने रखमाजीला भरवलेला घास बघून हैबतीच्या पोटात अजूनही कळ यायची. स्वतःचीच त्याला शिसारी यायची, पण कळ यायचीच. हेवा असा लोचट असतो.

एकदा धीर करून तो रखमाजीजवळ बसला.

"तू का उठलास रे? पाच महिने बसायला शिकलास ना? शिंग वाजलं तर बसून राहायचं. तुमचाच नियम ना तो? का मोडलास?"

"मोडला कुठे, दादा?" रखमाजी म्हणाला. "तो नियम अर्धा आहे. शेजारचा बसल्याशिवाय आपण बसलो असं समजायचं नाही, हा उरलेला अर्धा. म्हणून तर एक चुकला की सगळ्यांना पुन्हा उठवायचे." मग म्हणाला, "तू खराटा टाकून गेलास ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जमादारांनी हे सांगितलं."

हैबती उठला. परड्यात गेला आणि शेळीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. शेळी बिचारी बसून राहिली.

पुढच्या दसऱ्याला तो गड चढला. बरोबरची पोरं मिसरूडही न फुटलेली, त्याला "काका, काका" म्हणून हैराण करायची. त्याने खराटा घेतला, कावड वाहिली. जमादार त्याच्याकडे बघतही नव्हता. पहिलं लांब शिंग वाजलं, आणि पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा पट्टेकरी सगळ्यांच्या आधी खाली बसला. शेजारचं पोर उशिरा बसलं, तेव्हा त्याने न कुरकुरता पुन्हा उठून पुन्हा बसून दाखवलं.

शिंग कोण वाजवत होतं, ठाऊक आहे? रखमाजी. डाव्या हाताने. भाला धरता येईना, तेव्हा जमादाराने त्याच्या हाती शिंग दिलं होतं.

होळी आली. शेले वाटले, जोड्या मागेपुढे उभ्या राहिल्या, गाठी पडायला लागल्या. हैबतीला जोडीदार नव्हता. ज्याच्यामुळे शेजारच्याचा हात गेला, त्याच्या मागे कोण उभं राहणार? तो शेला हातात घेऊन बाजूला उभा होता. मनात आलं असतं तर पुढे गाठ मारून मागे सरकवता आली असती, ती कला त्याला येत होती. त्याने मारली नाही.

रखमाजीने शिंग खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीमागे आला. शेल्याचं एक टोक त्याने डाव्या हातात धरलं, दुसरं दातात धरलं आणि आवळलं. गाठ वेडीवाकडी पडली.

"सैल आहे रे, दादा," तो म्हणाला. "वाटेत सुटेल."

"सुटू दे," हैबती म्हणाला. "मागे तू आहेस ना?"

जमादार लांबून बघत होता. पुढे आला, गाठीला हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणाला, "चल, उतर. माझी माणसं खाली उतरतायत."

घरी आईने पहिली पुरणपोळी रखमाजीच्याच पानात वाढली. हैबतीच्या पोटात पुन्हा बारीकशी कळ आली. येणारच, हेवा काही एका होळीत जळून जात नाही. पण त्याने ती पोळी आपल्याकडे ओढली, तिचे बारीक तुकडे केले, तुपात बुडवले आणि रखमाजीच्या डाव्या हाताशी सरकवले. मग आपलं पान वाढेपर्यंत तो गप्प बसून राहिला. बसायला तो आता शिकला होता.

तेव्हा पोरांनो, आणि पोरांच्या बापांनो, एवढं गाठीला बांधा: शेला कुणीही रंगवून आणील, पण शिपाईपण पहिल्या पायरीपासून चढूनच मिळतं, आणि त्याची गाठ नेहमी दुसऱ्याच्या हातची असते.